पुलाजवळच्या थांब्यावरची तीन मिनिटं

जबाब

तक्रारदाराची ओळख: वेतवाला. पूर्ण नाव नव्या नियमाप्रमाणे बंद पाकिटात सोबत जोडलं आहे. वय सेहेचाळीस वर्षं. धंदा: वेताच्या खुर्च्या विणणं व दुरुस्त करणं. शिक्षण आठवी. राहणार: कापडाच्या गोदामामागची गल्ली, तळमजला, अंगणाकडची खोली.

मी आज सकाळी साडेदहा वाजता आपणहून इथे हजर झालो आहे. दुसऱ्या ठाण्यातून आलेल्या अधिकारी मॅडमनी विचारल्यावरून समक्ष सांगतो की,

वरच्या पत्त्यावर मी जन्मापासून राहतो. घरात मी आणि माझी थोरली बहीण असे दोघंच. ताई शाळेच्या कचेरीत कारकून आहे. आईवडील हयात नाहीत. माझं लग्न झालेलं नाही. माझ्यावर या आधी कसलाही गुन्हा नाही. मी दारू पीत नाही, ती मला चालतच नाही, त्याचं कारण पुढे येईल.

मला नवव्या वर्षापासून फिट येते. डॉक्टरांनी तेव्हा वडिलांना सांगितलं, या मुलाला शिडी नको, चाक नको, विस्तव नको, खोल पाणी नको. वडिलांनी विचारलं, मग उरलं काय? डॉक्टर बसले होते त्या खुर्चीची बैठक फाटलेली होती. ते म्हणाले, ही विणायला हरकत नाही. वडिलांनी ती खुर्ची घरी आणली, आधी स्वतः शिकले आणि मग मला शिकवलं. तेव्हापासून तोच आमचा धंदा. हे काम जमिनीवर बसून होतं. पडलो तरी लांब पडत नाही.

माझी फिट दोन तऱ्हेची आहे. एकीत मी पडतो. ती वर्षातून एखादी. दुसरीत पडत नाही, उभ्याउभ्या येते आणि जाते. तिला आमच्या घरात 'पाणी' म्हणतात. लहानपणी मीच ते नाव ठेवलं, कारण ती येते तेव्हा सगळं पाण्याखाली गेल्यासारखं वाटतं. यावरून गल्लीत बरेच घोटाळे झाले. ताई अंगणातून ओरडायची, "आई, पाणी आलं गं!" आणि शेजारणी बादल्या घेऊन नळावर धावायच्या. दोन-तीनदा असं झाल्यावर त्यांनी ताईशी अबोला धरला होता.

मॅडमनी विचारलं, पाणी येतं तेव्हा नेमकं काय होतं. आजवर हे मला डॉक्टर सोडून कुणी विचारलं नव्हतं. आधी आवाज लांब जातात. जवळ उभा असलेला माणूस तळ्याच्या पलीकडून बोलतोय असं वाटतं. मग उजेड जाड होतो. (इथे जबाब लिहून घेणाऱ्या रायटरनी विचारलं की उजेड जाड होतो हे कसं लिहू. मॅडम म्हणाल्या, ते म्हणतायत तसंच लिहा.) उजेड जाड होतो आणि वस्तूंच्या कडा हलायला लागतात, संथ, पाण्यातल्या शेवाळासारख्या. मला भीती वाटत नाही. खरं सांगायचं तर बरं वाटतं. ओल्या वेताचा वास येतो, जवळपास वेत नसला तरी. कुणीतरी आपल्याला ओळखीच्या जागी घेऊन चाललंय आणि आपण काही करायचं नाही, असं वाटतं. मग ती जागा यायच्या आत मी परत येतो. ताईने घड्याळ लावून पाहिलं आहे. तीन मिनिटं लागतात. एकदा साडेतीन झाली होती.

त्या वेळात मी बाहेरून कसा दिसतो ते ताईने सांगितल्यामुळे माहीत आहे. मी उभा राहतो, एकटक बघतो, ओठ हलवतो, शर्टाच्या बटणांशी चाळा करतो. बोललेलं कानावर पडतं पण त्याचा अर्थ लागत नाही. अशा वेळी कुणी घट्ट धरलं तर माझे हातपाय झटकले जातात. कुणी धरलं नाही तर काहीच होत नाही. डॉक्टरांचा तसा कागद सोबत जोडला आहे. माझ्या शर्टाच्या खिशात कायम एक कार्ड असतं, ताईच्या अक्षरातलं. त्यावर लिहिलेलं आहे: 'मला फिट येते. घाबरू नका. धरू नका. थोडं थांबा. नंतर या नंबरवर फोन करा.'

गेल्या महिन्यात नऊ तारखेला, मंगळवारी, मी सकाळी नऊ वाजता वाचनालयात कामाला गेलो. वाचनकक्षातल्या आठ खुर्च्यांचं काम होतं. त्या दिवशी तीन झाल्या. ग्रंथपालबाईंच्या खुर्चीचा एक हात मोडला होता, तो बदलायचा म्हणून मी बोटाएवढ्या जाडीचे दोन सबंध वेत नेले होते. ते सहज वळावेत म्हणून मी सकाळी सहा वाजताच टबात टाकले होते आणि ओल्या पोत्यात गुंडाळून नेले होते. बाई रजेवर होत्या, त्यांची खोली बंद होती. म्हणून ते दोन्ही वेत तसेच परत आणले. पिशवीत वेत सोलायची सुरी, आरी, खुंट्या, लाकडी हातोडी आणि माझ्या गोळ्यांची डबी होती. तीनला दहा कमी असताना मी निघालो आणि चालत पुलाजवळच्या बसथांब्यावर आलो.

थांब्यावर चार-पाच माणसं होती. बाकावर जागा होती, मी बसलो. ऊन नदीच्या पाण्यावर पडून थांब्याच्या छपराला खालून लागत होतं आणि तिथे त्याची जाळी हलत होती. मी ती बघत होतो. तशी वीण करता येईल का असा विचार मनात आल्याचं आठवतं. मग आवाज लांब गेले. मी उठून उभा राहिलो असणार. उठल्याचं आठवत नाही.

यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. मॅडम म्हणाल्या, जे आठवतं तेवढंच सांगा, जोडून घेऊ नका. म्हणून तेवढंच सांगतो. एक गाडी थांबली. तिचं दार उघडल्याचा आवाज खूप वेळ चालला. एक बसका आवाज आला, घसा बसल्यासारखा. तो म्हणाला, "पिशवीत काय आहे?" मग तोच आवाज पुन्हा, "तुला विचारतोय मी." शब्द मला सुटे सुटे मिळाले. त्यांचं वाक्य झालं नाही. खांद्यावर वजन आलं. मग पुष्कळ माणसं हसल्याचा आवाज आला. तो मला फार सुंदर वाटला. पाण्यावरून यावं तसं हसू आलं आणि माझ्या आजूबाजूने वाहत गेलं. मी पण हसलो असेन. ते बघणाऱ्यांनी सांगावं.

यानंतर काही वेळ मला काहीही माहीत नाही. बहुधा मोठी फिट येऊन गेली. जीभ चावलेली होती.

जाग आली तेव्हा माझा गाल थंड फरशीला लागलेला होता आणि डोळ्यांवर, हातभर अंतरावर, खुर्चीच्या बैठकीची खालची बाजू होती. विणीच्या भोकांतून वरचा उजेड खाली गळत होता. लहानपणी वडील खुर्ची विणायला घ्यायचे तेव्हा मी तिच्याखाली जाऊन झोपायचो. एकेक पदर पडत जायचा, भोकं लहान होत जायची आणि वडिलांचा चेहरा त्यांच्यापलीकडे तुकडेतुकडे दिसायचा. मला वाटलं मी घरीच आहे. मी "अण्णा" अशी हाक मारली. कुणीतरी म्हणालं, "शुद्धीवर आला."

ती वीण माझी होती. मला ज्या ठाण्यात नेलं होतं तिथल्या पाच खुर्च्या दोन वर्षांपूर्वी मी व्हरांड्यात बसून विणल्या होत्या. शेवटच्या खुर्चीला वेत कमी पडला, म्हणून मागच्या उजव्या कोपऱ्यात चार पदर तांबूस वेताचे घातले आणि खालून दुहेरी गाठ मारली. वरून ते दिसत नाही. ती खुर्ची मागच्या खोलीतल्या टेबलापाशी मी स्वतः नेऊन ठेवली होती. ठाण्याच्या नोंदीत लिहिलं आहे की मला पूर्णवेळ पुढच्या दालनात बाकावर बसवून ठेवलं होतं. पुढच्या दालनात वेताची एकही खुर्ची नाही. मॅडम काल स्वतः तिथे जाऊन आल्या. खुर्ची मागच्या खोलीतच होती. त्यांनी ती उलटी करून फोटो घेतला, तो आज मला दाखवला. गाठ माझीच आहे.

बसक्या आवाजाच्या हवालदारांना मी आवाजावरून ओळखतो. दोन वर्षांपूर्वी व्हरांड्यात त्यांनी मला चहा दिला होता आणि म्हणाले होते, "बैठक चांगली ताणून विणा हो, आमच्याकडे वजनदार माणसं बसतात." तेव्हा आम्ही दोघंही हसलो होतो. या वेळी त्यांनी मला ओळखलं नाही. त्या वेळी मी खाली मान घालून विणत होतो, त्यांनी माझी फक्त टाळू पाहिली असेल.

खोलीत ते आणि गाडी चालवणारे शिपाई असे दोघं होते. दार लोटलेलं होतं. शिपायांनी माझे पाय धरले. हवालदार म्हणाले, "टोपीला हात घालतोस?" मी विचारलं, "कुठली टोपी?" मला खरंच माहीत नव्हतं. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. त्यानंतर त्यांनी मला तळपायांवर, पोटऱ्यांवर आणि पाठीवर मारलं. मी हात मधे आणला तेव्हा उजव्या हाताची मधली दोन बोटं मोडली.

किती फटके मारले ते सांगता येणार नाही. मॅडमनी अंदाज विचारला. मी फटके मोजले नाहीत. मी खुर्चीकडे बघत होतो आणि पुढच्या कडेची भोकं मोजत होतो. बावीस होती. परत मोजली तरी बावीसच आली.

कशाने मारलं ते मात्र मी खात्रीने सांगू शकतो. तो माझ्या ओल्या पोत्यातला वेत होता. त्या जाडीच्या वेताचा वळ मधे फिका आणि दोन्ही कडांना लाल उठतो. माझ्या पाठीचे फोटो दवाखान्याने काढले आहेत, त्यात ते दिसतं. दुसरं म्हणजे तो शेवटपर्यंत तुटला नाही. कोरडा वेत दोन-तीन फटक्यांत उभा चिरतो. भिजवलेला वळतो, तुटत नाही. मी तो चांगला आठ-नऊ तास मुरवला होता. जप्तीच्या यादीत सुरी, आरी, हातोडी, खुंट्या सगळं आहे. पोत्यात दोन वेत होते, यादीत एकच आहे. कार्डही यादीत नाही.

त्यांचं झाल्यावर मी शिपायांना म्हणालो, माझी चार वाजताची गोळी असते, पिशवीत डबी आहे. ते म्हणाले, "इथे चार वाजता सगळ्यांनाच काही ना काही हवं असतं." गोळी मिळाली नाही.

पाच वाजून गेले तरी मी घरी आलो नाही म्हणून ताईने वाचनालयात फोन केला. मग ती थांब्यावर गेली. तिथल्या पेपरवाल्या बाईंनी तिला सांगितलं की वेताची भेंडोळी घेतलेल्या माणसाला पोलिसांच्या गाडीने नेलं. ताई साडेसहाला ठाण्यात आली. तोवर मला पुढच्या बाकावर आणून बसवलं होतं. सरकारी कामात अडथळा आणि हवालदारांवर हल्ला, असा गुन्हा माझ्यावर लिहिला गेला होता. ताईने जामिनाच्या कागदावर सही केली. तिने मला विचारलं, "हाताला काय झालं?" मी म्हणालो, "फिट आली, पडलो." ती म्हणाली, "आणि पायाला?" मी म्हणालो, "पडलोच की." ताईने मान हलवली आणि रिक्षा आणायला गेली.

घरीही मी तिला मागच्या खोलीबद्दल सांगितलं नाही. मॅडमनी कारण विचारलं. आई गेल्यापासून ताईने माझ्यासाठी काय काय सोडलं ते मला माहीत आहे. तिने लिहिलेलं कार्ड खिशात असताना हे झालं, असं तिला सांगायला माझ्या तोंडून शब्द फुटेना. म्हणूनच आज जबाब देताना मी तिला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं.

गल्लीतल्या वकिलांनी मला फुकट सल्ला दिला. ते म्हणाले, "जबाबात ठाम सांगा, मी हात उचलला नाही. तेवढ्या एका वाक्यावर केस सुटते." मी म्हणालो, मला आठवतच नाही तर ठाम कसं सांगू? ते म्हणाले, "अहो, आठवत नाही म्हणजे उचलला नाही असंच धरायचं." मला ते धरता येईना. नंतरचे बारा दिवस मी अंगणात बसून हाच विचार करत होतो. माझा हात माझ्या नकळत काय करतो ते मला कधीच कळत नाही. आयुष्यातली किती तीन मिनिटं अशी गेली, त्यात माझा हात कुणाला लागला असेल का? ताईच्या कपाळावर एक जुनी खूण आहे. ती म्हणते दार लागलं. हे मी तिला पुन्हा विचारलेलं नाही.

बाराव्या दिवशी, रविवारी, सकाळी अकराच्या सुमारास एक बाई गल्लीतून कडेवर खुर्ची घेऊन आल्या. ताई औषधं आणायला गेली होती. बाईंनी खुर्ची अंगणात ठेवली. बैठक फाटलेली होती. मी प्लास्टरचा हात दाखवला आणि म्हणालो, "दोन महिने काम बंद आहे, बाई."

त्या म्हणाल्या, "असू दे. मला बसायला काहीतरी हवं होतं, म्हणून माझं मीच घेऊन आले." आणि त्या त्या फाटक्या खुर्चीच्या कडेवर बसल्या.

मी त्यांना ओळखलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "मी त्या दिवशी गाडीत होते. ठाण्यात नोंदवहीवर पण मीच असते."

अंगणात टब भरलेला होता, त्यात आभाळ दिसत होतं. त्या बराच वेळ त्या टबाकडे बघून बोलत होत्या.

त्या म्हणाल्या, "तुम्ही त्यांना मारलं नाहीत. त्यांनी तुमचा खांदा पकडला तेव्हा तुमचा हात उडाला. त्यांच्या टोपीला लागला. टोपी पडली आणि घरंगळत गटाराच्या कडेपर्यंत गेली. ते तिच्या मागे धावले. थांब्यावरची माणसं हसली."

मी म्हणालो, "हसणं मला आठवतं."

"मी पण हसले," त्या म्हणाल्या. "माणसं हसली ते त्यांनी सोसलं असतं. मी हसलेलं त्यांनी पाहिलं. तिथून पुढे गाडीत ते एक शब्द बोलले नाहीत. ते बोलत नाहीत तेव्हा आम्हाला कळतं."

मग त्यांनी पर्समधून माझं कार्ड काढलं. ते थांब्याजवळ जमिनीवर पडलेलं त्यांना मिळालं होतं. ठाण्यात गेल्यावर त्यांनी ते हवालदारांना दाखवलं. हवालदार म्हणाले, "असली कार्डं सगळेच छापून घेतात," आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं. बाईंनी नंतर ते उचलून ठेवलं. "त्या मागच्या खोलीचं दार माझ्या टेबलापासून सहा पावलांवर आहे," त्या म्हणाल्या. "मी नोंदवहीत रेघा मारत बसले. पट्टीने, सरळ. पुढच्या आठवड्याच्या सगळ्या पानांवर मारून झाल्या."

त्या म्हणाल्या, "चौदा वर्षं नोकरी झाली माझी. एक शेरा नाही. घरात कमावणारी मी एकटी." मग म्हणाल्या, "तुम्ही तक्रार दिलीत तर माझं नाव सांगाल?"

मी म्हणालो, "मला तुमचं नाव माहीत नाही."

"छातीवर लिहिलेलं असतं."

"मी वाचलं नाही."

त्या उठल्या. कार्ड त्यांनी माझ्या डाव्या हातात दिलं. खुर्ची तिथेच राहिली. मी म्हणालो, "अहो, खुर्ची." त्या म्हणाल्या, "होईल तेव्हा होऊ दे," आणि निघून गेल्या.

ताई परत आली तेव्हा अंगणात खुर्ची बघून मला ओरडली, "हात गळ्यात बांधलाय आणि गिऱ्हाईक घेतोस?" मी म्हणालो, नाही म्हणता आलं नाही. त्या दिवसापासून ताई संध्याकाळी शाळेतून आल्यावर ती खुर्ची विणते आहे. मी शेजारी बसून सांगतो, वरून घे, खालून घे, ताण. चार ठिकाणी चुकलं आहे. उसवू का विचारलं तर मी नको म्हणालो.

मी तक्रार दुसऱ्या दिवशी दिली. तक्रारीत त्या बाईंचा उल्लेख केला नव्हता, आणि आजही मी स्वतःहून करणार नव्हतो. परंतु आज सकाळी मी इथे आलो तेव्हा त्या याच खोलीतून बाहेर पडत होत्या, साध्या कपड्यांत. आमची नजरानजर झाली. त्या म्हणाल्या, "मी माझं नाव सांगून आले." मग मॅडमनी मला त्यांचा जबाब आत्ताच घेतल्याचं सांगितलं. म्हणून वरची सगळी हकीगत मी सांगितली आहे. कार्ड हजर केलं आहे. त्याच्या मागे ठाण्यातल्या चहाचा डाग आहे.

आता मी नीट विचार करून सांगतो की माझा हात हवालदारांच्या टोपीला लागला. मॅडम म्हणाल्या, "हे तुम्हाला स्वतःला आठवत नाही, तर लिहायलाच हवं असं नाही." मी म्हणालो, लिहा. हात माझा होता. त्यात माझा हेतू नव्हता आणि मला भानही नव्हतं, हेही लिहा. त्यांची टोपी लोकांत पडली, याचं मला वाईट वाटतं. ते त्यांनी मला सांगितलं असतं तर मी तिथेच माफी मागितली असती. फक्त मला तीन मिनिटं लागली असती.

मला विचारण्यात आलं की माझी मागणी काय आहे. हवालदारांची सध्या दुसरीकडे बदली करून चौकशी लावली आहे आणि माझ्यावरचा गुन्हा मागे घेण्याचा प्रस्ताव वर गेला आहे, असं मॅडमनी सांगितलं. दोन्हींचा निकाल कधी लागेल ते त्यांनाही माहीत नाही. मागणी म्हणून मी एवढंच सांगतो की जो माणूस विचारलेल्याचं उत्तर देत नाही, पळत नाही, कुणाच्या अंगावर जात नाही, त्याला हात लावण्याआधी पाच मिनिटं थांबावं, असा लेखी नियम व्हावा आणि तो गाडीतही लावावा. माझ्यापेक्षा जास्त वेळ लागणारी माणसं असतात, म्हणून दोन मिनिटं जास्त धरली आहेत. मॅडमनी विचारलं, शिक्षेबद्दल काही म्हणायचं आहे का? मी म्हणालो, ते ठरवणारी माणसं आहेत. माझी बोटं पूर्वीसारखी वळतील की नाही ते डॉक्टर प्लास्टर काढल्यावर सांगणार आहेत. तेव्हा मला पुन्हा विचारावं.

घरात हल्ली पाणी येतं तेव्हा बरं वाटत नाही, हेही नोंदवावं असं मॅडम म्हणाल्या, कारण मी ते बोलता बोलता बोलून गेलो. आवाज लांब जायला लागले की मी आता भिंत धरून उभा राहतो. ओल्या वेताचा वास आला की घाम फुटतो. सदतीस वर्षं मी त्या जागी जाऊन येत होतो आणि तिथे मला कुणी काही केलं नव्हतं.

वाचून दाखवताना तक्रारदाराच्या पसंतीचं माणूस हजर हवं, असा नवा नियम आहे. मॅडमनी विचारलं, बहिणीऐवजी दुसरं कुणी चालेल का? मला दुसरं कुणी नाही. म्हणून पावणेदोन वाजता ताईला आत बोलावलं.

रायटरनी पहिल्यापासून वाचायला घेतलं. शिक्षण आठवी असं वाचल्यावर ताई म्हणाली, "नववी नापास लिहा, आठवी तर चांगली पास झालाय तो." तशी दुरुस्ती करून घ्यावी. त्यानंतर ती ऐकत बसली. मागच्या खोलीचं वाचन सुरू झालं तेव्हा ती उठली आणि बाहेर गेली. मी रायटरना थांबायला सांगितलं. मॅडमनी पंखा कमी केला. बाहेर व्हरांड्यातला नळ सुटल्याचा आवाज येत राहिला, बराच वेळ. नंतर तो बंद झाला.

ताई तोंड धुऊन परत आली आणि माझ्या उजव्या बाजूला बसली. म्हणाली, "पाय रोज मी शेकत होते. मला काय दिसत नव्हतं? तुला पडलो म्हणायचं होतं, म्हणून मी पडलास म्हटलं."



रायटरनी विचारलं, "खोलीचं सोडून पुढचं वाचू?"

"पुढचं नको," ताई म्हणाली. "मी उठले होते तिथून वाचा."

त्यांनी तिथून वाचलं. ताई शेवटपर्यंत बसून होती. वर लिहिलेला मजकूर मी सांगितल्याबरहुकूम आहे, तो माझ्या बहिणीच्या देखत मोठ्याने वाचला गेला, आम्ही दोघांनी ऐकला आणि तो खरा आहे. उजवा हात जायबंदी असल्याने सही डाव्या हाताने केली आहे.